तो आवाज कोणाचा?

मागच्या अंकात रवी शास्त्रीच्या सहा षटकारांवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले: वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सने एकाच षटकात मारलेल्या सहा षटकारांच्या चित्रफितीत जो समालोचक ऐकू येतो, तो मुळात रग्बीचा खेळाडू. बाकीच्या लेखाबद्दल कुणी काही विचारलं नाही, पण या एका वाक्यावर पत्रांची रास पडली. तेव्हा या महिन्याचं सदर त्या एका माणसासाठी.

मिरजेहून एक वाचक: ती सोबर्सची चित्रफीत मी मोबाइलवर शंभरदा पाहिली असेल. शेवटच्या चेंडूला तो समालोचक अक्षरशः ओरडतो. रग्बीचा खेळाडू क्रिकेटच्या समालोचनाला कसा आला? हा होता कोण?

त्याचं नाव विल्फ वूलर. तारीख ३१ ऑगस्ट १९६८, गाव वेल्समधलं स्वान्सी, मैदान सेंट हेलन्स. नॉटिंगहॅमशायर कौंटीचा कर्णधार सोबर्स खेळत होता आणि वेल्सच्या ग्लॅमॉर्गन कौंटीचा माल्कम नॅश गोलंदाजीला होता. पाचवा चेंडू रॉजर डेव्हिसने सीमेवर झेलला, पण झेलतानाच तो रेषेपलीकडे पडला आणि झेलाचा षटकार झाला. सहावा चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर गेला. तेव्हा बीबीसी वेल्सच्या माइकवर जो माणूस ‘केलं, यानं करून दाखवलं’ असं ओरडतो आणि चेंडू पार खाली स्वान्सी गावात गेला म्हणतो, तो हा वूलर. त्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता आणि ग्लॅमॉर्गन क्लबचा सचिवही होता. म्हणजे मार पडत होता तो त्याच्याच संघाला. तरी त्या आवाजात कुठे खंत ऐकू येते का बघा. मला तरी निखळ आनंदच ऐकू येतो.

माझ्या वडिलांनी मला हे नाव पहिल्यांदा सांगितलं. ते कांगा लीगच्या सामन्यांत आझाद मैदानावर गुण लिहायचे. पावसाळ्यातली क्रिकेट स्पर्धा ती, त्यामुळे निम्मा वेळ तंबूत बसून पाऊस थांबायची वाट पाहण्यात जायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. खेळ थांबला की वडील छत्री उघडून मला बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी घेऊन जायचे. पलीकडे चिखलात रग्बी चाललेली असायची. पाऊस आला म्हणून ती थांबत नसे, उलट खेळाडूंना जास्तच चेव यायचा. फाउंटनच्या फुटपाथवरून वडील जुनी क्रिकेट वार्षिकं विकत आणत. त्यातल्या एकात १९४८ साली पहिल्यांदाच कौंटी विजेता झालेल्या ग्लॅमॉर्गन संघाचं छायाचित्र होतं. मधोमध बसलेल्या, रुंद खांद्यांच्या कर्णधारावर बोट ठेवून ते म्हणाले होते, ‘हा बघ, हा त्या चिखलातनं आलाय.’

त्यांचं म्हणणं मला खूप उशिरा कळलं. मुलगी स्वान्सीत डॉक्टर झाली आणि तिच्याकडे राहायला गेले तेव्हा सेंट हेलन्स पाहिलं. मैदान समुद्राच्या अगदी कडेला आहे. मधून रस्ता गेलाय आणि पलीकडे स्वान्सीचा उपसागर. क्रिकेटची खेळपट्टी आणि रग्बीचे उंच खांब एकाच आवारात पाहायची आपल्याला सवय नसते, म्हणून मी बराच वेळ नुसती उभी राहिले. सोबर्सचा चेंडू जिथून बाहेर गेला त्याच गवतावर १९३५ साली स्वान्सी क्लबने न्यूझीलंडचा रग्बी संघ हरवला होता. न्यूझीलंडला हरवणारा तो पहिला क्लब. वेल्समध्ये या दोन खेळांच्या मध्ये भिंत नव्हती. म्हणून वूलर समालोचनाला आला कसा, हा प्रश्न तिथल्या माणसाला पडलाच नसता.

नागपूरहून एक वाचक: आपल्या लेखानंतर मी थोडं वाचलं. वूलर शाळेत शिकत असताना वेल्सकडून खेळला असं सापडलं, पण तेव्हा त्याचं वय वीस होतं. वीस वर्षांचा मुलगा शाळेत कसा? आणि त्या पहिल्या सामन्याचं एवढं कौतुक का?

लॅटिनमुळे. वूलरचा जन्म २० नोव्हेंबर १९१२चा, उत्तर वेल्समधल्या ऱ्होस-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावातला. कोल्विन बेच्या रायडल शाळेत तो शिकला. केंब्रिजला प्रवेश हवा तर लॅटिन पास व्हायला हवं, ते राहिलं होतं, म्हणून तो आणखी एक वर्ष शाळेत थांबला. त्या वर्षात वेल्सच्या निवड समितीचं बोलावणं आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वेल्सची रग्बी म्हणजे दक्षिणेकडची, कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांतली आणि कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्टच्या बंदरांतली. उत्तरेकडे लोक फुटबॉल बघत. उत्तरेतला पोरगा वेल्सच्या रग्बी संघात येणं म्हणजे विदर्भातला मुलगा थेट मुंबईच्या रणजी संघात उभा राहण्यासारखं. नागपूरकरांना हे मी जास्त समजावून सांगायला नको.

आता तो सामना. २१ जानेवारी १९३३, लंडनजवळचं ट्विकेनहॅम, समोर इंग्लंड. वेल्सचा संघ १९१० पासून तिथे जात होता. नऊ वेळा गेला, आठ वेळा हरला, आणि १९३१ साली ११-११ अशी बरोबरी पदरात पडली. एवढीच काय ती कमाई. लोकांनी त्याला शापच ठरवून टाकलं होतं. आकड्यांची गंमत पाहा: १९२३ साली वेल्स तिथे ७-३ असा हरला होता. दहा वर्षांनी तोच आकडा उलटा लागला, वेल्स ७, इंग्लंड ३. सातही गुण विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणाऱ्या रॉनी बूनचे, एक ट्राय आणि एक ड्रॉप गोल.

सात कसे, हे आजच्या प्रेक्षकाला कळणार नाही. तेव्हा ट्रायचे तीनच गुण होते. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो हाताने जमिनीला टेकवायचा, हा ट्राय. आज त्याला पाच गुण मिळतात. पळता पळता चेंडू जमिनीवर सोडायचा आणि तो टप्पा घेऊन वर येतो न येतो तोच लाथ मारून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून घालवायचा, तो ड्रॉप गोल. त्याला तेव्हा चार गुण होते, म्हणजे ट्रायपेक्षा जास्त! कुंपणापाशी उभं राहून वडिलांनी मला हे समजावलं होतं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं होतं. माणूस पंधरा जणांना चुकवून पळतो त्याला तीन आणि लांबून लाथ मारणाऱ्याला चार. आजही माझं तेच मत आहे.

वूलरने त्या दिवशी गुण केले नाहीत. तो मधल्या फळीत, सेंटरला होता. त्याच्या जोडीला क्लॉड डेव्ही, आणि डेव्हीच्या पकडी म्हणजे आपल्या कबड्डीतल्या कव्हरच्या खेळाडूलाही हेवा वाटावा अशा. वूलर सहा फुटांहून उंच, लांब ढांगा टाकत पळणारा. एवढ्या उंचीच्या माणसाला तेव्हा पुढच्या धक्काबुक्कीच्या फळीत घालत. त्याला मागे ठेवून पळवायचं, हाच नवा विचार होता.

त्या संघाची यादी मी वहीत उतरवून ठेवली आहे, कारण क्रिकेट बघणाऱ्या माणसाला ती वेगळीच दिसते. वूलर, बून, फुलबॅक म्हणजे सगळ्यांत मागचा व्हिव जेंकिन्स आणि स्क्रमहाफ म्हणजे स्क्रमच्या घोळक्यातून आलेला चेंडू उचलून मागच्यांना देणारा मॉरिस टर्नबुल, हे चौघेही ग्लॅमॉर्गनकडून क्रिकेट खेळले. टर्नबुल तर कौंटीचा कर्णधार होता. इंग्लंडकडून कसोटी आणि वेल्सकडून रग्बी खेळलेला तो एकटाच माणूस. अकरा वर्षांनी, ५ ऑगस्ट १९४४ रोजी, नॉर्मंडीत माँशां गावाजवळ लढताना तो गेला. त्या यादीत त्याच्या नावापुढे मी तारीख लिहिली आहे आणि दर वेळी वही उघडली की नजर तिथे अडकते.

ट्विकेनहॅमचा आनंद फार टिकला नाही. त्याच मोसमात वेल्स स्कॉटलंडकडून स्वान्सीत हरला, मग बेलफास्टला आयर्लंडकडून. पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्ध निवड समितीने एकदम तेरा नवे खेळाडू उतरवले आणि तो सामनाही घालवला. निवड समित्या सगळीकडे सारख्याच.

कोल्हापूर जिल्ह्यातली एक शाळकरी वाचक: मी शाळेच्या मुलींच्या रग्बी संघात आहे. आमच्या सरांनी १९३५ च्या वेल्स-न्यूझीलंड सामन्याची गोष्ट सांगितली. वूलरने जिंकून दिलेला तो सामना त्याने स्वतः पाहिलाच नाही असं सर म्हणाले. मैदानावर असून कसं काय नाही पाहिला?

बाळ, तुझ्या सरांनी बरोबर सांगितलंय. फक्त त्याचा पाहायचा राहिला तो संपूर्ण सामना नव्हे, शेवटचा ट्राय. सगळं नीट सांगते, कारण हा सामना मला तोंडपाठ आहे आणि सांगायला कुणी विचारत नाही.

२१ डिसेंबर १९३५. कार्डिफ आर्म्स पार्क. कडाक्याची थंडी होती, म्हणून मैदान गोठू नये यासाठी त्यावर पेंढा अंथरला होता. सामन्याआधी तो उचलून कडेला ढीग लावले. हे ढीग लक्षात ठेव.

न्यूझीलंडने तीन महिन्यांपूर्वी स्वान्सी क्लबकडून ११-३ असा मार खाल्ला होता. त्या सामन्यात स्वान्सीकडून खेळलेली हेडन टॅनर आणि विली डेव्हिस ही जोडी गोअर्टन शाळेतली, नात्याने भाऊ. न्यूझीलंडचा कर्णधार जॅक मँचेस्टर म्हणाला होता म्हणे, की आम्ही हरलो हे घरी कळवा, पण दोन शाळकरी पोरांनी हरवलं एवढं कळवू नका. त्यातला टॅनर आता कार्डिफला वेल्सचा स्क्रमहाफ होता, अठरा वर्षांचा, पहिलाच सामना. म्हणजे तुझ्यापेक्षा फार मोठा नव्हे. त्याच्या पुढे क्लिफ जोन्स, केंब्रिजमध्ये वूलरचा जोडीदार. डेव्ही कर्णधार. वूलर विंगवर.

मध्यंतराला न्यूझीलंड ३-० ने पुढे, बॉल नावाच्या विंगरचा ट्राय. मध्यंतरात वेल्सने एकच बदल केला: वूलरला विंगवरून सेंटरला आणलं आणि इडवल रीसला विंगवर पाठवलं. तिथून सामना फिरला. डेव्हीने ट्राय केला. मग वूलरने बचावफळीच्या मागे चेंडू लाथाडला, त्यामागे पळत जाऊन जेफ्री रीस-जोन्सने ट्राय केला. दोन्ही कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायच्या दोन गुणांच्या लाथा, जेंकिन्सच्या. वेल्स १०, न्यूझीलंड ३.

मग न्यूझीलंडने पाठलाग सुरू केला. गिल्बर्टने ड्रॉप गोल मारला, १०-७. बॉलने पुन्हा ट्राय केला, गिल्बर्टने त्यावर दोन गुण वाढवले, आणि न्यूझीलंड १२-१० ने पुढे गेलं.

आणि त्यानंतर वेल्सचा हुकर डॉन टार पडला. तू कोणत्या जागेवर खेळतेस ते लिहिलं नाहीस. दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू वाकून खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना ढकलतात तो स्क्रम, आणि हुकर म्हणजे त्याच्या पहिल्या ओळीतला मधला. दोन्ही बाजूंचं सगळं वजन त्याच्या मानेवर येतं. टारची मान मोडली होती. रेफरी सिरिल गॅडनी यांना संशय आला आणि त्यांनी त्याला उताणं करू दिलं नाही, म्हणून तो वाचला. वेल्सकडून त्याचा हा एकच सामना. स्ट्रेचरवरून त्याला बाहेर नेलं आणि वेल्सचे चौदा उरले, कारण बदली खेळाडू ही गोष्टच तेव्हा नव्हती. कुणी जखमी झाला की उरलेल्यांनी खेळायचं. तुमच्या सरांना माझा निरोप सांग: मानेला मार लागलेल्या मुलीला कुणीही हलवायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

काही मिनिटं उरली होती. चौदा जण, दोन गुण मागे, गोठलेलं मैदान. वूलरला चेंडू मिळाला, तो फट काढून निघाला आणि समोर शेवटचा बचावपटू आल्यावर त्याने चेंडू पुन्हा पुढे लाथाडला आणि स्वतः त्यामागे धावला. रग्बीचा चेंडू लांबट. टप्पा पडला की कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही, हे तुला माहीतच आहे. तो उडाला तो वूलरच्या डोक्यावरून गेला. वूलर इतका जोरात होता की त्याला थांबताच आलं नाही. तो तसाच रेषेपलीकडे जाऊन त्या पेंढ्याच्या ढिगात तोंडावर आपटला. मागून रीस-जोन्स येत होता. चेंडू त्याच्या हातात पडला आणि त्याने तो टेकवला. वेल्स १३, न्यूझीलंड १२.

पेंढ्यात पडलेल्या वूलरला काहीच दिसलं नव्हतं. लोकांचा गजर ऐकला तेव्हा त्याला कळलं की ट्राय झाला. पन्नासेक हजार माणसं एकदम ओरडली तर पेंढ्यातही ऐकू जाणारच.

न्यूझीलंडला वेल्सने आजवर तीनदाच हरवलं आहे: १९०५, १९३५ आणि १९५३. त्यानंतर नाही. म्हणून तिकडचे म्हातारे अजून त्या पेंढ्याबद्दल बोलतात.

तू मला तुझी जागा कळव. आणि गमशील्ड घालतेस ना? तेही कळव.

पुण्याहून एक वाचक: हे खेळाडू पैसे घेत नव्हते असं वाचलं. खाणी बंद पडत असताना गरीब घरातली मुलं फुकट कशी खेळत असतील?

फुकट खेळत नव्हती. निघून जात होती. हा प्रश्न विचारलात म्हणून मी तुमची मनापासून आभारी आहे, कारण वूलरबद्दल लिहिताना हा भाग राहिला तर चित्र खोटं ठरतं.

पहिल्या महायुद्धानंतर वेल्सच्या कोळशाला गिऱ्हाईक राहिलं नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वेल्समधून चार लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. मला गिरणी संपानंतरची लालबाग-परळ आठवते. भोंगे बंद, आणि रोज कुणीतरी गावाकडे निघालेलं. खोऱ्यांमध्ये तसंच झालं असणार, फक्त तिथे ते वीस वर्षं चाललं.

रग्बीचे तेव्हा दोन संसार होते. पंधरा जणांची रग्बी युनियन, तिच्यात पैसा निषिद्ध. उत्तर इंग्लंडमधली तेरा जणांची रग्बी लीग, तिच्यात पैसे मिळत. लीगच्या क्लबची माणसं वेल्समध्ये येत, घरच्यांना भेटत, टेबलावर रक्कम ठेवत. सही केली की युनियनचं दार आयुष्यभरासाठी बंद. आपल्याच गावच्या क्लबसाठी पुन्हा खेळायचं नाही. १९९५ साली युनियनने स्वतःच पैसा स्वीकारला तेव्हा कुठे ती बंदी गेली.

जिम सुलिव्हन कार्डिफचा. सतरा वर्षांचा असताना १९२१ साली विगन क्लबने त्याला ७५० पौंड देऊन नेलं. त्या काळात ही फार मोठी रक्कम. तो फुलबॅक होता आणि लाथ मारण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, कुणी धरू शकत नव्हतं. १९२५ साली एका चषक सामन्यात त्याने बावीस गोल केले. पूर्ण कारकिर्दीत ९२८ सामने, २,८६७ गोल, ६,०२२ गुण. १९२९ साली वेम्बलीवर लीगचा पहिला अंतिम सामना झाला तेव्हा तिथले पहिले गुण त्याचेच. १९३२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तो ब्रिटनचा कर्णधार होता. एवढं सगळं झालं, पण वेल्सच्या पंधरा जणांच्या संघात तो कधीच खेळला नाही. नऊ वेळा ट्विकेनहॅमवरून न जिंकता परतणाऱ्या वेल्सकडे सुलिव्हनसारखा लाथ मारणारा असता तर? मी हिशेब मांडून पाहिलाय. १९१४ चा सामना एका गुणाने गेला, १९२७ चा दोन. दुसऱ्याच्या वेळी सुलिव्हन तेवीस वर्षांचा होता आणि दर आठवड्याला विगनमध्ये गोल मारत होता.

शाळकरी जोडीतला विली डेव्हिसही १९३९ मध्ये ब्रॅडफर्डला गेला.

वूलरवर ही वेळ आली नाही. तो केंब्रिजला शिकला, तिथून रग्बी आणि क्रिकेट दोन्हींत विद्यापीठाकडून खेळला, पुढे कार्डिफमध्ये कोळशाच्याच व्यापारात नोकरीला लागला आणि कार्डिफ क्लबचा कर्णधार झाला. खाणीतून कोळसा काढणारी मुलं गाव सोडून गेली आणि कोळसा विकणाऱ्या कचेरीतला माणूस मैदानावर राहिला. यात त्याचा दोष नाही. पण वेल्सकडून तो खेळलेल्या अठरा सामन्यांचा विचार करताना सुलिव्हनचा शून्य आकडा शेजारी ठेवावा लागतो.

बडोद्याहून एक वाचक: वूलरच्या कारकिर्दीचा शेवट कसा झाला? आणि खरं सांगा, माणूस म्हणून तो तुम्हाला आवडतो का?

रग्बीचा शेवट बेलफास्टला झाला, मार्च १९३९ मध्ये. वूलर वेल्सचा कर्णधार होता. वेल्स ७, आयर्लंड ०. सातही गुण विली डेव्हिसचे, एक ट्राय आणि एक ड्रॉप गोल. ट्विकेनहॅमचं आठवा: तिथेही सात, तिथेही एकाच माणसाचे, तिथेही एक ट्राय आणि एक ड्रॉप गोल. पहिला सामना आणि शेवटचा सामना एकाच मापाचे. वूलर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सहा महिन्यांनी युद्ध सुरू झालं.

युद्धात तो तोफखान्यात होता. त्याच्या पलटणीत कार्डिफ क्लबचे आणखी रग्बीवाले होते. १९४२ साली जावा बेटावर जपान्यांनी त्यांना पकडलं आणि वूलरची रवानगी सिंगापूरच्या चांगी तुरुंगछावणीत झाली. युद्ध संपेपर्यंत तो कैदेत होता. परतल्यावर शरीर रग्बीचं राहिलं नव्हतं. मग त्याने क्रिकेट धरलं, १९४७ साली ग्लॅमॉर्गनचा कर्णधार झाला आणि दुसऱ्याच वर्षी विजेतेपद आणलं. बॅटजवळ माणसं उभी करायची आणि ती हलू द्यायची नाहीत, ही त्याची रीत. जवळच्या क्षेत्ररक्षणावर सामने जिंकणारा कौंटी संघ त्याने घडवला. मला त्यात सरळसरळ डेव्हीच्या पकडी दिसतात. १९६० पर्यंत तो कर्णधार राहिला, एकूण १३,५९३ धावा, ९५८ बळी. रवी शास्त्री १९८७ ते ९१ या काळात ग्लॅमॉर्गनकडून खेळला तो हाच क्लब. सोबर्सनंतर सहा षटकार मारणारा दुसरा माणूस, वानखेडेवर जानेवारी १९८५ मध्ये, तुमच्याच बडोद्याच्या तिलक राजच्या षटकात, आणि पुढे दोनच वर्षांनी तो सोबर्सच्या मैदानावर यजमान म्हणून उतरतो. मागच्या अंकातला लेख मी याचसाठी लिहिला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वूलर तापट होता, भांडखोर होता. तेवढं मी खेळाडूला माफ करते. पण एक गोष्ट मला माफ करता येत नाही. १९६९-७० मध्ये वंशभेदी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ ब्रिटनला आला तेव्हा पीटर हेन या तरुणाने त्याविरुद्ध आंदोलन उभं केलं. वूलर उघडपणे त्या आंदोलनाच्या विरोधात उभा राहिला, खेळाचे संबंध तोडू नयेत म्हणून वाद घालत राहिला. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्या दौऱ्याचा सामना सेंट हेलन्सवरच होता. मैदानात उतरलेल्या निदर्शकांना स्वयंसेवक म्हणवणाऱ्या धटिंगणांनी तिथे बेदम मारलं. सोबर्स नावाचा काळा माणूस सहा षटकार मारून गेला त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. १९७४ साली आपल्या टेनिस संघाने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला. विजय आणि आनंद अमृतराजसमोर चषक हाताशी आला होता, तरीही. आमच्या घरी त्या दिवशी वडील म्हणाले होते, ‘बरोबर केलं.’ ज्यांनी मला वूलर दाखवला तेच वडील.

म्हणून आवडतो का, याचं उत्तर: पेंढ्यात पडलेला तेविशीतला वूलर मला फार आवडतो. माइकवरचाही आवडतो. त्यानंतरचा एक वूलर आहे, त्याच्याशी माझं भांडण आहे, आणि तो १० मार्च १९९७ ला गेला तरी ते मिटलेलं नाही.

रत्नागिरीहून एक वाचक: रग्बी प्रत्यक्ष पाहायची आहे. मुंबईत कुठे जावं?

पावसाळ्यात या. बॉम्बे जिमखान्याचं मैदान, आझाद मैदानाच्या शेजारी. कुंपणाबाहेरून दिसतं. छत्री मोठी आणा, आणि चपला घालून येऊ नका.